खोली आधी, माइक नंतर

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात घरच्या घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: माइक कोणता घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा क्रमांक तिसरा. पहिला प्रश्न खोलीचा, दुसरा खोलीबाहेरून येणाऱ्या आवाजाचा. या दोन्हींची उत्तरं हातात आली की माइक जवळजवळ आपोआप ठरतो. पुष्कळदा तो मनात धरलेल्या माइकच्या निम्म्या किमतीचा निघतो.

हा क्रम कुठेही पाळावा असाच आहे, पण इथे तो पाळल्यावाचून गत्यंतर नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या. पुढे भोसरी, तळवडे करत कारखाने खेड तालुक्यात शिरले आणि २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला. प्रेस, फोर्जिंग हॅमर, कॉम्प्रेसर आणि कंटेनर यांचा हा मुलूख. आणि याच मुलखाला खेटून, इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आजही मुलं कीर्तन आणि पखवाज शिकतात. एकाच पिनकोडात पॉवर प्रेस आणि पखवाज दोन्ही ऐकू येतात, असा भाग महाराष्ट्रात दुसरा शोधावा लागेल.

त्यामुळे इथे घरात स्टुडिओ करणारी माणसंही नाना तऱ्हेची. कुणाला अभंग रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे असतात. कुणी ऑडिओबुकसाठी वाचन करतं. २०१७ साली स्टोरीटेल मराठीत आलं तेव्हापासून या कामाला चांगली मागणी आहे. कुणी मराठी रॅप करतं, कुणी कंपनीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या फितींना आवाज देतं. दिवसा सीएनसी चालवायचा आणि रात्री गायचं, असं जगणारी पोरं इथे कमी नाहीत. त्यांच्याकडे पैसा मोजका असतो आणि वेळ त्याहून मोजका. म्हणूनच खरेदीचा क्रम चुकला की फटका मोठा बसतो.

आता खोली. मोशी, चिखली, रावेत, ताथवडे, कुठल्याही नव्या सोसायटीतली दुसरी बेडरूम घ्या. दहा फूट बाय दहा फूट, उंची साडेनऊ फूट. राहायला ठीक, रेकॉर्डिंगला अवघड. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीएवढी ज्या स्वराची तरंगलांबी असते, तो स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, दुप्पट केली की ६.१. ३४३ ला ६.१ ने भागा: ५६ हर्ट्झ. दुसरी भिंतजोडीही दहा फुटांची, म्हणून पुन्हा ५६. जमीन आणि छत यांच्यात ५९. तिन्ही दिशांचे आकडे एकाच ठिकाणी येऊन पडले. त्यांच्या दुपटीचे घुमारे ११२, ११२ आणि ११८ हर्ट्झला. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे हा घुमारा बरोबर त्याच्या नरड्यावर बसतो. वाचताना एखादाच शब्द अचानक ढोलात बोलल्यासारखा येतो आणि मग माइकला दोष दिला जातो. माइक बिचारा खोलीत जे आहे तेच सांगत असतो.

म्हणून घरात निवड करायला वाव असेल तर चौरस खोली सोडा. दहा बाय तेरा, नऊ बाय चौदा अशी लांबट खोली बरी. तिचे घुमारे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरतात. चौरस खोलीच वाट्याला आली असेल तर माइक बरोबर मध्यभागी लावू नका, कारण ११२ चा घुमारा तिथेच सर्वांत जोरात असतो. कोपराही नको. एका भिंतीपासून साडेतीन फूट, शेजारच्या भिंतीपासून चार-सव्वाचार, अशी तिरकी जागा धरा. याला पैसा लागत नाही आणि फरक मात्र पहिल्याच टेकमध्ये कानावर येतो.

खोलीबाहेरच्या आवाजाचं तसं नाही. तिथे आधी मोजमाप लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा आहे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. आपल्याकडे अडचण अशी की औद्योगिक आणि निवासी या दोहोंमध्ये अनेक ठिकाणी फक्त एक रस्ता असतो. अलीकडे सोसायटी, पलीकडे प्रेस शॉप.

एक वही घ्या. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी खोलीची दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, फोनवर पाच मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. वेळ, आवाज आणि तो कुठून येतो, एवढंच लिहा. शिफ्टच्या बसगाड्या कधी जातात, सोसायटीचा पाण्याचा पंप किती वाजता लागतो, लिफ्टची मोटर भिंतीतून किती ऐकू येते, खालची पिठाची गिरणी कधी बंद होते, समोरच्या फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर कधी थांबतो. शेजारच्या वर्कशॉपच्या साप्ताहिक सुट्टीला वेगळी खूण करा. तो तुमचा रेकॉर्डिंगचा वार. फोनवरच्या डेसिबल ॲपचा आकडा तंतोतंत खरा धरू नये, पण मंगळवारची रात्र आणि गुरुवारची दुपार यांची तुलना करायला तो पुरतो. ही वही हाताशी असली की हजारो रुपयांचं ध्वनिरोधन करण्याऐवजी नुसती वेळ बदलून काम भागतं का, हे कळतं. बऱ्याच जणांचं भागतं.

किती शांतता पुरे? ऑडिबलशी जोडलेल्या एसीएक्सने ऑडिओबुकसाठी घालून दिलेली मोजपट्टी इथे कामाला येते. तिच्यात वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डीबीच्या दरम्यान हवी आणि मधल्या शांत जागांतला गोंगाट उणे ६० च्या खाली. म्हणजे आवाज आणि गोंगाट यांत सुमारे ४० डीबीचं अंतर. आता हे खोलीत उतरवून बघू. साध्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतो. अंतर निम्मं केलं की त्यात ६ ची भर पडते. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतरापेक्षाही जरा जवळ आणला की तोच आवाज ७६ होतो. त्यातून ४० वजा केले की राहिले ३६. खोली ३६ डेसिबलपर्यंत शांत असेल तर काम निभावतं, आणि रात्री खिडकी घट्ट लावलेल्या बेडरूमला हे जमू शकतं. पण तोच माइक दोन फुटांवर ठेवला तर आवाज ६४ वर येतो आणि खोली २४ डेसिबलची लागते. तेवढी शांतता चांगल्या व्यावसायिक स्टुडिओलाही सहज मिळत नाही. दीड फूट पुढे सरकण्याने जे मिळतं ते पन्नास हजारांचा माइक देऊ शकत नाही, याचा हिशेब हा असा आहे.

आवाज अडवणं आणि आवाज शोषणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे सर्वांत जास्त पैसा वाया जातो. पाणी अडवायला बांध लागतो आणि सांडलेलं टिपायला फडकं. फडक्याने बांध होत नाही. बाहेरचा आवाज अडवायचा तर वजन आणि हवाबंदपणा हवा. इंचभर फोम भिंतीला चिकटवला तर बाहेरचा ट्रक जसाच्या तसा ऐकू येतो. अंड्यांचे ट्रे लावल्याने तर काहीच साधत नाही, आग लागायची भीती तेवढी वाढते. आपल्या इमारतींच्या काँक्रीटच्या भिंती आवाज अडवायला बऱ्यापैकी सक्षम असतात; गळती असते ती सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीत आणि दाराखालच्या फटीत. सरकत्या खिडकीच्या जागी रबरी गॅस्केटवर घट्ट बसणारी, उघडझाप करणारी, लॅमिनेटेड काचेची खिडकी बसवली तर फरक मोठा पडतो. भाड्याचं घर असेल तर जाड प्लायवुडचा, कडेने रबर लावलेला, काढता-घालता येणारा झाकणफळा सुताराकडून करून घ्या. दाराखाली रबरी पट्टी लावा. सुरुवात फटींपासून करावी. बोटभर फट उघडी राहिली की भिंतीची सगळी मेहनत पाण्यात.

प्रेस शॉपची धडधड मात्र हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येते. तिला खिडकी काही करू शकत नाही. इथे या पट्ट्याची एक सोय कामी येते: कॉम्प्रेसर आणि मशीनखाली घालायचे अँटी-व्हायब्रेशन पॅड भोसरीत कुठल्याही औद्योगिक साहित्याच्या दुकानात मिळतात. माइकच्या स्टँडखाली आणि टेबलाच्या पायांखाली तेच घाला, माइकला शॉक माउंट लावा आणि इंटरफेसवरचा किंवा सॉफ्टवेअरमधला, खालचे स्वर गाळणारा लो-कट ८० हर्ट्झला सुरू ठेवा. धडधडीचा बराच भाग गळून जातो. पखवाज घ्यायचा असेल त्या दिवशी मात्र लो-कट बंद.

खोलीतला घुमारा शोषायला जाडी लागते. एखाद्या स्वराला नीट पकडायचं तर शोषकाची जाडी त्याच्या तरंगलांबीच्या पाव भागाच्या आसपास हवी, असा ढोबळ नियम आहे. १००० हर्ट्झसाठी हा पाव भाग साडेआठ सेंटिमीटर, १०० हर्ट्झसाठी ८६ सेंटिमीटर. म्हणून इंचभर फोम फक्त वरचे, चिरके स्वर खातो आणि खोली आणखीच बोदी करून ठेवतो. ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे चार इंच जाड स्लॅब लाकडी चौकटीत घालून, वरून कापड ताणून, भिंतीपासून चार इंच पुढे उभे केले तर काम खूपच चांगलं होतं. हेच रॉकवूल कारखान्यात भट्ट्या आणि डक्ट यांच्या इन्सुलेशनला वापरतात, त्यामुळे एमआयडीसीतल्या इन्सुलेशनवाल्याकडे ते स्टुडिओच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं. कापताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि कापड असं निवडा की तंतू बाहेर येणार नाहीत. अशा चार चौकटी झाल्या की दोन कोपऱ्यांत उभ्या करा आणि दोन गाणाऱ्याच्या पाठीमागे. पाठीमागे का? माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याच्या पाठीमागची भिंतही माइकला समोरून दिसत असते. चौकटींना पैसे नसतील तर घरातल्या दोन जाड गोधड्या दुहेरी करून तिथे टांगा. तळाचे स्वर त्यांनी आवरणार नाहीत, पण वाचनाच्या कामाला पुरतं.

ध्वनीचं हे शास्त्र या भागाला परकं नाही. मोटारीच्या आत बसलेल्याला इंजिनचा आवाज आणि कंपनं किती जाणवतात, याचं मोजमाप आणि उपाय हा वाहन उद्योगातला एक पूर्ण विभाग आहे. कारखान्यात त्याला ‘एनव्हीएच’ म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची पुण्याच्या वेताळ टेकडीवर त्यासाठी प्रयोगशाळा आहे आणि संस्थेचं एक केंद्र चाकणलाही आहे. अशा प्रयोगशाळेतल्या अर्ध-प्रतिध्वनिरहित कक्षात भिंती आणि छत आवाज गिळून टाकतात आणि मोटार उभी राहते ती फरशी तेवढी टणक असते. तुमच्या सोसायटीत एनव्हीएचमध्ये काम करणारा एखादा इंजिनिअर असेल तर त्याला खोली दाखवा. कुठल्याही यूट्यूबरपेक्षा तो नेमकं सांगेल.

आता माइक. घरच्या कामाला दोन जाती पुरतात, डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिक म्हणजे शुअरचा एसएम५८, १९६६ पासून चालत आलेला, प्रत्येक सभामंडपात दिसणारा. कंडेन्सर जास्त संवेदनशील, बारीकसारीक टिपणारा, आणि त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. डायनॅमिक माइक आजूबाजूचा गोंगाट ऐकत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. तसा काही जादूचा गुण त्यात नाही. तो तोंडाला चिकटवून वापरला जातो म्हणून गोंगाट मागे पडतो. कंडेन्सरही तेवढाच जवळ आणला तर बराचसा तोच फायदा मिळतो. तरीही प्रेस शॉपच्या समोरच्या घरात मी डायनॅमिकच सुचवीन, कारण तो जवळून वापरायची सवय लावतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात, धुळीत, हातातून पडला तरी टिकतो.

कंडेन्सर घ्यायचा तर त्याचा स्वतःचा गोंगाट बघतात. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा २० डेसिबल आहे, रोडच्या एनटी१ चा अवघा साडेचार. कागदावर हा फरक जबरदस्त वाटतो. पण तुमची खोलीच ३६ डेसिबलची असेल तर दोन्ही माइकचा गोंगाट तिच्या खाली बुडून जातो, आणि त्या एका गुणासाठी मोजलेली जास्तीची किंमत कुणालाच ऐकू येत नाही. आधी खोली ३० च्या खाली न्या, मग एनटी१ चा विचार करा. घरगुती कामाचे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे पाठीमागून सर्वांत कमी ऐकणारे. माइकची पाठ खिडकीकडे करा. आणि शुअरच्या बनावट माइकांचा सुळसुळाट आहे, तेव्हा माइक अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिल आणि वॉरंटीसह घ्या. पुण्यातली तपकीर गल्ली केबल, कनेक्टर, स्टँड यांच्यासाठी उत्तम.

इंटरफेस, ज्याला इकडे सगळे साउंड कार्ड म्हणतात, निवडताना किती माइक एकाच वेळी लागणार हे आधी ठरवा. एकट्या वाचकाला एक, हार्मोनियमसह गाणाऱ्याला दोन. एसएम५८ घेतला असेल तर गेन तपासा. हा माइक एटी२०२० पेक्षा जवळजवळ १७ डीबीने कमी बोलतो, त्यामुळे वाचनासाठी ५५ ते ६० डीबी स्वच्छ गेन देणारा इंटरफेस हवा. स्वस्त इंटरफेस इथेच उघडे पडतात: बटण शेवटापर्यंत फिरवलं की सुसू सुरू. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि शिखरं उणे १२ च्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये जागा एवढी असते की लाल दिव्याला टेकवण्याची काहीच गरज नाही. गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर बफर २५६ वर आणा. ४८ किलोहर्ट्झला तो ५.३ मिलिसेकंदांचा होतो. आत येण्याचा, बाहेर जाण्याचा आणि ड्रायव्हरचा वेळ मिळून तो दुपटीच्या वर जातो, म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असलेला इंटरफेस घ्या.

इथल्या घरांतलं सर्वांत चिवट दुखणं म्हणजे ‘हम’. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झला सलग गुणगुण येते. कारखान्यांच्या शेजारी तिच्यात मोठ्या मोटर आणि ड्राइव्हच्या कचकचीची भर पडते. कारण बहुतेकदा अर्थिंग असतं. एखाद्या चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डवरून चालवा. हम घालवायला थ्री-पिनची अर्थ पिन तोडायचा सल्ला कुणी देईल. तो कदापि ऐकू नका. त्याने जीव जाऊ शकतो. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि हम गेला तर दोष कुठे आहे हे कळतंच. चौकोनी तरंग देणारा स्वस्त इन्व्हर्टरही गुणगुणतो; साइन वेव्हचा घ्या.

माइकसाठी एक्सएलआर केबलच वापरा. तिच्यात सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो, वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि शेवटी एकातून दुसरा वजा केला की गोंगाट संपतो, सिग्नल उरतो. सीएनसीच्या एन्कोडरची किंवा आरएस-४८५ ची शिल्डेड, पीळ घातलेली जोडी ज्याने पॅनलमध्ये जोडली आहे, त्याला हे शिकवावं लागत नाही. असा इन्स्ट्रुमेंटेशनवाला मित्र असेल तर चांगली केबल आणि न्यूट्रिकचे कनेक्टर आणून त्याच्याकडून सोल्डर करून घ्या. विकतच्या स्वस्त केबलपेक्षा ती वर्षानुवर्षं टिकेल.

स्पीकरवर फार शब्द खर्च करत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ इंची मॉनिटर म्हणजे त्या ५६ आणि ११२ हर्ट्झच्या घुमाऱ्यांना आवतण. पाच इंची पुरे, आणि पहिल्या वर्षी तेही नकोत. बंद कपांचे बरे हेडफोन घ्या, सोनीचे एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम४०एक्स. मग तयार झालेलं मिश्रण मोटारीत जाऊन ऐका. एकेजी आणि जेबीएल ही नावं आज ज्या हरमन कंपनीची आहेत, तिचा मोटारींच्या ध्वनियंत्रणेचा कारखाना चाकणलाच आहे. तुमचा श्रोताही बहुधा नाशिक फाटा ते चाकण या वाहतुकीत अडकूनच तुमचा अभंग ऐकणार आहे, तेव्हा त्या परीक्षेत गाणं उतरलं पाहिजे.

संगणकाबद्दल तर आणखी कमी. आठ-सोळा जीबी रॅम, एसएसडी आणि ज्याचा पंखा सतत भणभणत नाही असा कुठलाही लॅपटॉप चालतो. वाचनाला ऑडॅसिटी फुकट आहे. गाण्याला रीपर स्वस्त आणि समर्थ आहे.

पखवाज मात्र वेगळा विषय आहे. धुमेला, म्हणजे त्याच्या डाव्या तोंडाला, ओली कणीक लावतात आणि तिच्या वजनावर खर्ज ठरतो. रेकॉर्डिंग लांबलं की कणीक सुकते आणि स्वर वर सरकतो. पहिल्या टेकचा तुकडा चौथ्या टेकला जोडला की जोड उघडा पडतो, आणि संगणकात तो सुधारत बसण्यात रात्र जाते. म्हणून दर टेकआधी कणकेला पाण्याचा हात आणि स्वराची पडताळणी. दोन माइक लावा, एक धुमेकडे, एक उजव्या, शाईच्या तोंडाकडे, आठ-दहा इंचांवर, आणि थाप देणाऱ्या हाताच्या वाटेत येणार नाहीत असे. हार्मोनियमला माइक समोरून नको, पट्ट्यांची टकटक येते; मागून भात्यावर रोखलात तर हवेचा फुसफुसाट. वरून, दीड-दोन फुटांवर तिरका धरा. टाळ शेवटी, वेगळे, पाच-सहा फुटांवरून घ्या, कारण ते एकदा का गाण्याच्या माइकमध्ये शिरले की पुन्हा बाहेर काढता येत नाहीत.

आणि अख्खं भजनी मंडळ घरच्या स्टुडिओत कोंबू नका. बारा माणसं एका लयीत डोलतात तेव्हाच भजनात जो जीव येतो, तो एकेकाला हेडफोन लावून बसवल्यावर येत नाही. त्यांच्या मंदिरातच जा. दोन सारखे छोटे कंडेन्सर एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर, ११० अंशांच्या कोनात लावा, किंवा झूम-टास्कॅमसारखा हातातला रेकॉर्डर स्टँडवर चढवा, आणि मंडळाला अर्धवर्तुळात बसवा. माइक हलवण्यापेक्षा माणसं पुढेमागे करा. पखवाज एक हात मागे, टाळ त्याच्याही मागे, अभंग सांगणारा पुढे.

आता पैशांची मांडणी. संगणक घरात आहे आणि हातात साठ हजार आहेत असं धरू. पंधरा हजार खिडकी-दार आणि चौकटींवर. दहा-अकरा हजारांचा माइक. पंधरा हजारांचा दोन माइकांचा इंटरफेस. आठ हजारांचे हेडफोन. पाच-सहा हजारांत जड बुडाचा स्टँड, दोन केबल, पॉप फिल्टर आणि पॅड. पाच हजार हाताशी ठेवा, अर्थिंग नाहीतर चुकलेली केबल ते खाणारच. पैसे कमी असतील तर इंटरफेस आणि हेडफोन एक पायरी खाली उतरवा, खोलीचे पंधरा हजार हलवू नका. वीस हजारच असतील तर एसएम५८, छोटा इंटरफेस, घरातले हेडफोन आणि गोधड्या, एवढ्यावरही वाचनाचं काम मिळण्याजोगं रेकॉर्डिंग होतं.

हे सगळं वाचून, सामान जमेपर्यंत थांबू असं कुणाच्या मनात येत असेल, तर एक उदाहरण सांगतो. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह शेजारच्या मुळशीपासून महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सोबतीने त्यांतल्या हजारो ओव्या बायांच्या आवाजात, त्यांच्याच गावात जाऊन रेकॉर्ड झाल्या. तिथे ना रॉकवूल होतं ना गॅस्केटची खिडकी. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. त्यांतल्या कितीतरी बाया आज हयात नाहीत.

पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सांगली-साताऱ्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांपाशी ओव्या, भारुडं, पाळणे, पोवाडे अजून मुखोद्गत आहेत. तुमच्याही घरात असं कुणी असेल. त्यांच्यासाठी स्टुडिओ पूर्ण व्हायची वाट पाहू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी पंखा बंद करा, खिडकी लावा, फोन वीतभर अंतरावर धरा आणि त्यांना गायला सांगा. आधी नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून बोलून घ्या.